उतरण आणि अदलाबदल

आय पुण्यात आली ती १९७२ च्या दुष्काळानंतर. गावी खडी फोडून झाली होती, इथं कागद वेचणं नशिबी आलं. पाठीवर गोणी, हातात लोखंडी आकडा, पहाटे चारला घराबाहेर. दुपारी परतली की वस्तीच्या तोंडाशी पाय पसरून बसायची आणि गोणी पालथी करायची. मग निवड. पांढरा कागद वेगळा, रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा, काच वेगळी, पत्रा वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. प्रत्येकाचा भाव वेगळा. माल मिसळलेला दिसला की भंगारवाला सगळ्यालाच खालचा भाव लावायचा. शहराला जिथं एकच घाण दिसते तिथं आयला दहा जिन्नस दिसायचे.

परीक्षा संपल्या की गोणीतून वह्या निघायच्या. बंगल्यातल्या पोरांच्या. पुढची वीसेक पानं भरलेली, मागची कोरी. आय कोरी पानं सोडवून घ्यायची, दाभणानं भोकं पाडायची, जाड दोऱ्यानं शिवायची, वर पुठ्ठा लावायची. सातवीपर्यंत माझ्या सगळ्या वह्या अशाच. एक पान एकरेघी, दुसरं दुरेघी, तिसरं चौकटीचं. ती पानं फुकट नव्हती. तेवढं वजन काट्यावरून कमी व्हायचं, तेवढे पैसे तिच्या हातात कमी पडायचे. हे मला फार उशिरा कळलं.

एकदा एका पानावर आधीच्या मालकाचं नाव-आडनाव राहून गेलं. मास्तरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. पोरं फिदीफिदी हसली. मी घरी येऊन वही कोपऱ्यात भिरकावली. आयनं उचलली, ब्लेडनं ते आडनाव खरवडलं, म्हणाली, "आता तुजं लिव."

वस्तीत पुस्तकांची अदलाबदल पण चालायची. पाचवीची पुस्तकं द्यायची, सहावीची घ्यायची. ज्याच्याकडं द्यायला पुस्तक नाही त्यानं खळ शिजवायची, दुसऱ्यांची फाटकी पानं चिकटवायची, कव्हरं घालून द्यायची. तेही देणंच. कुणी कुणाचे आभार मानत नव्हतं. आभार मानायचं कारणच नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. दिवाळीच्या आधी एका बंगल्याची बाई जुनी साडी घेऊन फाटकापाशी आली. साडी चांगली होती, काठसुद्धा शाबूत. "घे गं, तुला होईल," म्हणाली आणि लांबूनच खाली सोडली. साडी पायरीवर पडली. आयनं उचलली नाही. म्हणाली, "बाई, रोज तुमचा कचरा उचलती, त्याचं काय द्याचं ते द्या. साडी नगं." बाईचा चेहरा उतरला. "माज आलाय," म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ते फाटक आयला बंद झालं. त्या फाटकातून रोजची चांगली रद्दी मिळायची, तीही गेली.

मी तेव्हा आयवर चिडलो होतो. घरात तिला धड लुगडं एकच. मी म्हणालो, "घ्याची की. काय बिघडलं असतं?" ती म्हणाली, "हातात दिली असती तर घेतली असती रं. तिनं टाकली."

कॉलेजात गेल्यावर मनुस्मृतीत काय आहे ते कळलं. दहाव्या अध्यायात लिहून ठेवलंय, शूद्राला उरलेलं अन्न द्यावं, जुनी वस्त्रं द्यावीत, घरातलं जुनं सामान द्यावं. चांडाळानं तर मढ्यावरची वस्त्रं नेसावीत आणि फुटक्या भांड्यात जेवावं. म्हणजे आमच्या अंगावरच्या चिंध्या ही नुसती गरिबी नव्हती, तो कायदा होता. गावात त्याला हक्क म्हणायचे. महाराच्या बावन्न हक्कांत मेलेलं ढोर आमचं, प्रेतावरचं कापड आमचं. बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडला सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टं सोडा. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. आयला यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. पण फाटकापाशी तिनं जे केलं ते महाडचंच होतं.

उतरण हा शब्दच बघा. वरून खाली उतरते ती उतरण. ती उलटी कधी जात नाही. आमची जुनी साडी त्या बाईच्या घरी गेल्याचं कुणी ऐकलंय? अदलाबदलीत दोघं एका पातळीवर उभे असतात. बोहारीण दारात बसते, जुन्या कपड्यांवर पातेलं देते, घासाघीस करते, "एवढ्याला परवडत न्हाई" म्हणून उठून जाऊ शकते. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जुना पाना, जुना बूट, जुनं घड्याळ विकत घेणारा मान खाली घालत नाही. वस्तू तीच, जुनी, वापरलेली. ती कशी हातात येते यावर सगळं आहे.

१९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. आय तिच्यात गेली. तिला ओळखपत्र मिळालं. फोटो, नाव, काम. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कामाला कागदावर नाव आलं. २००८ साली याच बायांच्या 'स्वच्छ' संस्थेचा महापालिकेशी करार झाला. दारोदारचा कचरा उचलायचा, घरामागं पैसे घ्यायचे आणि सुका माल विकून येईल ते स्वतःचं. आयनं फाटकापाशी जे मागितलं होतं तेच.

हे सगळं आज का लिहितोय? माणुसकीच्या भिंती आपण पाहिल्या. २०१६ च्या सुमारास गावोगाव उभ्या राहिल्या. नको ते अडकवा, हवं ते न्या. २०२३ मध्ये सरकारी मोहिमेत शहरोशहरी केंद्रं उघडली, जुने कपडे, चपला, पुस्तकं आणून द्या. वस्तू वाया जाऊ नये हे खरंच. आमच्या वस्तीतल्या पोरांनी ठरवलं, १४ एप्रिलला आपणही भिंत करू. मी विरोध केला. एका पोरीनं मला उभं केलं. म्हणाली, "काका, मग चांगली पुस्तकं कचऱ्यात जाऊ द्यायची का? तुम्ही तर तशाच वह्यांवर शिकलात." बरोबर होतं तिचं. मी गप्प झालो. रात्रभर विचार केला.

मग बसून ठरवलं. भिंत नाही, अदलाबदल. घेणाऱ्यानं काहीतरी द्यायचं. वस्तू नसेल तर दोन तास काम द्यायचं. फाटकं, मळकं घ्यायचं नाही. देताना-घेताना फोटो काढायचा नाही. वहीत दोघांची नावं लिहायची, देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, एकाच ओळीत. आणि भरलेल्या वह्या, फाटकी पुस्तकं मंडळानं विकायची नाहीत. तो वस्तीतल्या कागद वेचणाऱ्या बायांचा माल आहे. आपल्या चळवळीसाठी त्यांच्या पोटावर पाय नको.

एक साहेब गाडीतून आले. आपल्यातलेच, मोठ्या हुद्द्यावरचे. पोत्यात विटके शर्ट, तुटकी चेन, बटणं नाहीत. पोरीनं पोतं उघडून बघितलं आणि म्हणाली, "सर, धुऊन, बटणं लावून आणा. मग घेऊ. आणि जाताना तुम्हाला काय हवं तेही सांगा." साहेब रागावले, पोतं गाडीत टाकून गेले. मला ते फाटक आठवलं. पण या वेळी फाटकाच्या आत आपलाच माणूस होता, हे विसरू नका. उतरण द्यायची खोड शिकलेल्यांनाही लागते.

आय आता थकलीय. तिला खुर्चीत आणून बसवलं. तिनं वह्यांचा ढीग बघितला आणि कुणी न सांगता कोरी पानं सोडवायला लागली. दोन पोरं शेजारी बसली. "दाभण असं तिरकं धरायचं न्हाई, सरळ घाल," म्हणाली. संध्याकाळपर्यंत शिवलेल्या वह्यांची चळत झाली. पहिल्या पानावर पोरांनी आपापली नावं लिहिली, आडनावासकट.

दोस्तांनो, आपापल्या वस्तीत हे करा. जुनं घ्यायला लाजू नका. खाली टाकलेलं मात्र उचलू नका.

जयभीम.