मागच्या हंगामातला चारा

म्हैस रवंथ करत नाही, पोट फुगलंय, तोंड कोरडं पडलंय. जनावरांचा डॉक्टर आधी तिचा डोळा बघतो. भर उन्हातही बाहुली मोठी दिसली की तो गव्हाणीकडे वळतो. उरलेली कुट्टी चिवडली की काटेरी बोंडाचे तुकडे हाताला लागतात. धोतरा! उभं झाड जनावर सहसा तोंडात धरत नाही. पण यंत्रातून बारीक होऊन मक्यात मिसळलं की ते निवडणार कसं?

धोतऱ्यातल्या अल्कलॉइडांपैकी अ‍ॅट्रोपिन डॉक्टरच्या बॅगेतही असतं. फवारणीचं औषध पोटात गेलेल्या बैलाला तेच टोचतात. त्या बैलाची लाळ गळत असते, बाहुली आकसलेली असते. घाईत गफलत होऊन तेच इंजेक्शन या म्हशीला दिलं, तर विषात विषाची भर. म्हणून सुई भरण्याआधी पापणी वर करायची, हिरड्यांवरून बोट फिरवायचं. एवढं तरी कधीही चुकवू नये.

धोतरा काही तासांत लक्षणं दाखवतो. खुळखुळ्याचं तसं नाही.

बांधावरच्या या पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या काही जातींत पायरोलिझिडिन अल्कलॉइडं असतात. यकृत ती मोडायला जातं आणि त्यातून तयार होणारी द्रव्यं यकृताच्याच पेशींवर उलटतात. पेशींचं विभाजन थांबतं, त्या नुसत्या फुगत जातात. गाय खंगते, भिंतीला डोकं टेकवून उभी राहते. तोवर तो चारा खाऊन आठवडे, कधी महिने उलटलेले असतात.

"डॉक्टरसाहेब, ती आता कडबाच खातीये, आणि शेळ्या तर धडधाकट आहेत," मालक सांगतो. तो खोटं बोलत नसतो. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातले जीवाणू यातलं बरंचसं विष आधीच निकामी करतात.

माणसालाही हे विष सोडत नाही. तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा भागात गोंदली या भरड धान्यात खुळखुळ्याच्या बिया मिसळल्या, यकृतातल्या बारीक शिरा बुजल्या आणि माणसं दगावली. १९७६ साली 'द लॅन्सेट'मध्ये त्याची नोंद आली.

म्हणून डॉक्टर पावसाळ्यापासूनची वैरण विचारत बसतो: कुठं चरली, गवत कुठून आणलं, गंजीत काय आलं? आजारी गायीचं यकृत बहुधा हातचं गेलेलं असतं. तरी तो गंजी उपसून वाळक्या शेंगा शोधायला लावतो, कारण त्याच दावणीला बाकीची जनावरं बांधलेली असतात.