शंभरातल्या नऊ फेऱ्या

बॅच जड आणि ऑनलाइन हलकं, असं मी धरूनच चाललो होतो. रात्री तीन-तीन तास चालणारे जॉब जड नाहीत, तर काय? एटीएमवर शिल्लक विचारणारा व्यवहार तर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो.

2011 साली पुण्यात एका बँकेच्या मेनफ्रेमचं काम आमच्या टीमकडे होतं. जुनं मशीन आयबीएमचं झेड 10, नवं यायचं होतं झेड 196. त्यातलं कुठलं मॉडेल पुरेल, हे झेडपीसीआर या आयबीएमच्या क्षमता काढायच्या साधनात काढायला मला बसवलं. प्रत्येक एलपारसमोर, म्हणजे मशीनच्या प्रत्येक तार्किक भागासमोर, वर्कलोडचा वर्ग निवडायचा: लो, अ‍ॅव्हरेज किंवा हाय. मी बॅचला हाय दिलं, ऑनलाइनला लो. मग सहज उलट करून बघितलं, तर त्याच मशीनची क्षमता बदलली! मशीन तेच, प्रोसेसर तेवढेच, मग ताकद कशी कमी-जास्त होते? दुपारभर मी तो रकाना बदलत बसलो आणि दरवेळी आकडा हलताना बघून जास्तच गोंधळलो.

टीममधल्या मॅडमनी माझा कागद पाहिला. “हे कशावरून भरलंस?”

“जॉब किती वेळ चालतो, त्यावरून.”

“वेळ नको बघूस. सामान आणायला किती लांब जावं लागतं, ते बघ. फोडणी करताना मोहरी मिसळणाच्या डब्यात असली तर प्रश्नच नाही. फळीवरच्या बरणीतून काढायची तर थोडा वेळ. पण दुकानातच जावं लागलं, तर तोवर गॅस नुसता जळत राहतो. तो जळलेला गॅससुद्धा सीपीयूच्याच नावावर लागतो.”

प्रोसेसरचा डबा म्हणजे एल 1 कॅश. तिथे न सापडलेलं कुठून आणावं लागलं, याची मोजणी मशीन स्वतःच करतं आणि ती सिस्टिमच्या एसएमएफ 113 या नोंदींत उतरते. झेड 10 चं सूत्र मॅडमनी वहीत लिहून दिलं: जवळच्या एल 2 ला वजन 1, दुसऱ्या बुकातल्या, म्हणजे प्रोसेसरांच्या दुसऱ्या संचातल्या, एल 2 ला 2.4 आणि मेमरीला 7.5. न सापडलेल्यातलं जिथून जितके टक्के आलं, त्या टक्क्यांना वजनांनी गुणायचं, बेरीज करायची, शंभरने भागायचं. जो आकडा येतो तो आरएनआय, म्हणजे रिलेटिव्ह नेस्ट इंटेन्सिटी. आमच्याकडे एल 1 मध्ये न सापडण्याचं प्रमाण चार-पाच टक्के होतं. त्या पट्ट्यात आरएनआय 0.6 च्या खाली असेल तर लो, 1 च्या वर गेला तर हाय.

ऑनलाइनचा सकाळचा गर्दीचा तास घेतला: 19, 7 आणि 9. म्हणजे 19 अधिक 16.8 अधिक 67.5, एकूण 103.3. आरएनआय 1.03, हाय! शंभरातल्या फक्त नऊ फेऱ्या मेमरीपर्यंत गेल्या होत्या, पण दोन तृतीयांश भार त्यांचाच. रात्रीच्या बॅचचे आकडे 15, 2 आणि 3, म्हणून 0.42. तीन तास चालणारा तो जॉब एकाच आटोपशीर डेटावर पुन्हा पुन्हा फिरत होता. त्याची मोहरी डब्यातच होती.

माझा कागद तसाच पुढे गेला असता, तर बँकेने लहान मॉडेल घेतलं असतं आणि सकाळी काउंटरवर लोक ताटकळले असते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

नवं मशीन आल्यावर मी झेड 10 च्या सूत्राच्या शीटमध्ये त्याचे आकडे भरले आणि पुन्हा अडकलो. एल 3 ला रकानाच नव्हता. झेड 196 मध्ये चिपवरच सामाईक एल 3 आला होता, त्याचं वजन 0.4. सूत्रात एल 2 च्या जागी आता एल 4 होता, आणि सगळ्या बेरजेला वरून 1.67 ने गुणायचं होतं. घराची मांडणी बदलली होती, दुकानही आता वेगळ्या अंतरावर होतं. मी शीट पुसली, मॅडमकडून नवं सूत्र उतरवून घेतलं आणि बँकेकडे महिनाअखेरच्या दिवसाच्या 113 च्या नोंदी मागितल्या.