बिबवेवाडीहून सायकलीने: कात्रज, शिवापूर, कोंढणपूर

"सर, सिंहगडच! दुसरे नावच नको." पहिल्या बैठकीचा निकाल पाच मिनिटांत लागला होता. बैठक म्हणजे काय, तर इशानंतर आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एक चहाची किटली आणि अकरा जण. सहा मुले, तीन मुली, सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारा शेजारचा तरुण आणि आम्ही. डिसेंबरमधला एक शनिवार-रविवार सर्वांनी मिळून सायकलीवर घालवायचा, एवढे एकच पक्के होते. कुठे जायचे, हे ठरायला पुढे तीन आठवडे लागले.

आमच्या लहानपणी पुणे हे सायकलींचे शहर होते. कामगार, कारकून, मास्तर सगळे सायकलीवर. आता मुलांच्या दारात जी सायकल उभी असते ती जाड टायरची, पुढे शॉक असलेली, एकवीस गिअरची. तिला माउंटन बाइक म्हणतात, पण बिचारीने डोंगर पाहिलेला नसतो. क्लासला जाणे आणि लिफ्टशेजारी धूळ खाणे, हे तिचे आयुष्य. दुकानवाल्या तरुणाने सगळ्या सायकली तपासल्या तेव्हा अकरापैकी चार सायकलींचे गिअर वर्षभर बदललेलेच नव्हते. एकाच गिअरवर गंजून बसले होते.

मग परीक्षा ठेवली. रविवारी फजरनंतर, रस्ता रिकामा असताना, गंगाधाम चौकातून आई माता मंदिराचा चढ. बिबवेवाडी-कोंढव्याच्या लोकांना हा चढ सांगायला नको. रिक्षासुद्धा तिथे कण्हत चढते. पाच मुले न उतरता वर पोचली. सहावा मुलगा, जो सर्वांत जोरात सिंहगड म्हणत होता, तो अर्ध्यावर उतरला. आठवीतली एक मुलगी सर्वांत मागून, सायकल हातात धरून, पण न थांबता आली. वर पोचल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "सर, म्हणजे मी नको का?"

त्या प्रश्नाने आमची निवड करण्याची पद्धतच बदलली. तोवर आम्ही ठिकाण निवडत होतो आणि मग त्याला झेपणारी माणसे. आता माणसे आधी ठरली, अकराच्या अकरा, आणि ठिकाण त्यांच्यातल्या शेवटच्या सायकलीवरून शोधायचे ठरले.

या मापाने सिंहगड गळाला. मनाविरुद्ध गळाला, कारण आम्हाला त्या गडाचे वेगळेच वेड आहे. तानाजी मालुसऱ्यांची १६७० ची लढाई मुलांना पाठ असते. पण त्याच्या कितीतरी आधी मुहम्मद तुघलकाच्या फौजेने या कोंढाण्याला आठ महिने वेढा घातला होता आणि नागनायक नावाच्या कोळी सरदाराने तो लढवला होता. ही हकिगत इसामीच्या 'फुतूह-उस-सलातीन' या चौदाव्या शतकातल्या फारसी मसनवीत आली आहे. उर्दू-फारसीच्या वाटेने महाराष्ट्राच्या डोंगरांपर्यंत असेही जाता येते, हे आमच्या मुलांना कळावे अशी फार इच्छा. पण पायथ्यापासून गडाच्या वाहनतळापर्यंतचा घाट आठ-नऊ किलोमीटर सलग चढतो, आणि रविवारी त्यावर जीपा आणि मोटारींची रांग असते. खरी भीती चढाची नाही, उताराची. चढताना दमलेला माणूस थांबतो. उतरताना ब्रेक दाबून बोटे दमली, तर सायकल थांबत नाही.

दुसरे नाव बोपदेव घाट, सासवड आणि पुरंदर. कोंढव्यातून सरळ रस्ता, अंतर बेताचे. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये बोपदेव घाटात एका तरुणीवर झालेल्या अत्याचाराची बातमी कोणत्या घरात विसरली गेली आहे? बारावीतल्या मुलीचे अब्बा शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्यावर भरोसा आहे, त्या रस्त्यावर नाही." गुन्हा करणाऱ्यांमुळे मुलींनी रस्ते सोडायचे का, हा वाद तिच्या अम्मींनी घातला आणि आम्हाला तो पटतोही. तरी एका बापाची झोप उडवून सहल काढणे जमले नाही. पुरंदर किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने तिथे ओळखपत्रे, वेळेचे बंधन, हे आणखी निराळे. मुळशीकडचे रस्ते सुंदर, पण बिबवेवाडीतून निघून आधी सगळे शहर ओलांडावे लागते. पाचगणीचा खर्च ऐकूनच दोन घरे गप्प झाली.

राहिला नमाजाचा प्रश्न, आणि तो आम्ही मुद्दाम बैठकीत उघड मांडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये शनिवारवाड्यात काही महिलांनी नमाज पढल्याची चित्रफीत पसरली, तिच्यावरून आंदोलन झाले, गुन्हा नोंदवला गेला. मुलांनी हे सगळे मोबाइलवर पाहिले होते. एक जण म्हणाला, "आपण गडावर पढू, बघू कोण काय म्हणते." दुसरा म्हणाला, "त्यापेक्षा दोन दिवस कजा करू." आम्हाला दोन्ही उत्तरे नकोशी वाटली. पहिल्यात नमाजापेक्षा ईर्ष्या मोठी होती आणि दुसऱ्यात भीती. संरक्षित वास्तूचे नियम असतात, ते सर्वांना पाळावे लागतात. आणि फर्ज नमाज सोडण्याइतकी सायकल मोठी नाही. मग वाटच अशी निवडावी की जिथे जोहर, असर आणि मगरिबला आपली हक्काची सावली असेल.

ही अट घातल्यावर नकाशावर बोट आपोआप दक्षिणेला सरकले. कात्रजचा जुना घाट, शिंदेवाडी, खेड शिवापूर. शिवापूरला हजरत कमर अली दरवेशांचा दर्गा आहे, वजूला पाणी आहे, आणि आमच्या एका परिचितांचे अंगणवाले घर आहे. घरापासून अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत. दुसऱ्या दिवशी शिवगंगेच्या खोऱ्यातून कोंढणपूरपर्यंत, म्हणजे सिंहगडाच्या पाठीमागच्या अंगाला. सिंहगड हवा होता ना? मागून बघा!

"सर, आम्हाला कात्रजचा घाट दाखवला," एक मुलगा म्हणाला, आणि हशा पिकला. या वाक्प्रचाराची जन्मकथा त्या निमित्ताने सांगता आली. १६६३ मध्ये, रमजानच्या दिवसांत, छत्रपती शिवाजी महाराजांनी लाल महालात शाइस्ताखानावर छापा घातला आणि पाठलाग चुकवण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना मशाली बांधून सोडल्या, अशी आख्यायिका आहे. खानाची फौज उजेडामागे गेली आणि मराठे दुसऱ्या वाटेने निघून गेले. तेव्हापासून फसवणे म्हणजे कात्रजचा घाट दाखवणे.

हाच रस्ता पावसाळ्यात असता तर आम्ही निवडला नसता. जून २०१३ मध्ये शिंदेवाडीजवळ फोडलेल्या डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात मायलेकी वाहून गेल्या होत्या. डिसेंबरात मात्र घाट कोरडा असतो, सकाळी धुके असते आणि जड वाहने नव्या बोगद्याने जात असल्याने जुन्या घाटात गर्दी कमी.

तिघे सफरीला निघाले तरी एकाला अमीर नेमावे, अशी शिकवण आहे. आमचा अमीर ठरला दुकानवाला तरुण. वयाने आमच्यापेक्षा लहान, पण सायकलींची नाडी त्याला कळते. रसूलुल्लाह ﷺ सफरीत काफिल्याच्या मागे राहत, कमजोरांना पुढे नेत, कुणाला आपल्या मागे बसवून घेत, हेही हदीसमध्ये आले आहे. ते मागचे काम आम्ही घेतले. खरे सांगायचे तर त्यात पुण्याचा लोभ कमी आणि गुडघ्यांची काळजी जास्त होती. आमच्याही मागून एका पालकांचा छोटा हत्ती, त्यात गाद्या, दोन अम्मी आणि बिर्याणीचे पातेले.

शनिवारी फजर पढून निघालो. कात्रज चौकापर्यंत शहर जागे झाले नव्हते. घाटाच्या सुरुवातीलाच अमीरने सर्वांना थांबवून दोन गोष्टी सांगितल्या. चढ पायाला लागल्यावर गिअर बदलू नका, आधीच हलका करा, नाहीतर चेन उतरेल. आणि उतारावर एकच ब्रेक धरून ठेवू नका. दोन्ही मिळून दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पहिली गोष्ट तिघांनी ऐकली नाही, तिघांच्या चेन उतरल्या. आठवीतल्या मुलीने ऐकली. तिची सायकल हलक्या गिअरवर शिवणयंत्रासारखी टकटक चालत राहिली आणि जुन्या बोगद्याच्या तोंडाशी ती चौथी पोचली. तिने मागे वळून पाहिले नाही, पण पाठीवरून कळत होते. बोगद्यातून सगळे एका ओळीत, दिवे लावून. पलीकडे उतार, आणि मग हमरस्त्याच्या सेवा रस्त्याने शिवापूर.

दर्ग्यातला तो दगड, जो अकरा जण एकेक बोट लावून उचलतात, मुलांनी आधीच ऐकलेला. "आपण बरोबर अकराच आहोत," असे मोजूनही झाले. करामत की वजनाची वाटणी, यावर जोहरनंतर जोरदार चर्चा रंगली. आम्ही विज्ञान शिकवत नाही म्हणून सुटलो. ज्यांना फातिहा पढायची होती त्यांनी पढली, ज्यांना नव्हती ते बाहेर पेरू खात बसले, आणि कुणी कुणाला टोकले नाही. हे आम्हाला त्या दगडाहून नवलाचे वाटले.

असरला एका मुलाने आशेने विचारले, "सर, आपण मुसाफिर आहोत ना? दोनच रकात?" मुसाफिर ठरायला हनफी मसलकाप्रमाणे साधारण सत्त्याहत्तर किलोमीटरचा प्रवास लागतो, आणि आम्ही त्याच्या एक तृतीयांशही नव्हतो. चारही रकात पढल्या. रात्री मुली आणि अम्मी आत, मुले अंगणात, आणि थंडी सर्वांना सारखी.

रविवारी कोंढणपूरचा रस्ता. एका बाजूला ज्वारी-हरभऱ्याची शेते, दुसरीकडे डोंगर, आणि वळण घेतले की समोर सिंहगड, माथ्यावर दूरदर्शनचा मनोरा. इथून पुढे घाट ओलांडला की रस्ता गडाच्या घाटरस्त्याला मिळतो आणि खाली डोणजे, खडकवासला. म्हणजे गोल फेरी पूर्ण. पाच तगड्या मुलांचे डोळे तिकडेच. अमीर मात्र खाली बसून एकेक चाक फिरवत होता. दोन सायकलींच्या मागच्या ब्रेकचे गुटके लोखंडापर्यंत झिजले होते. त्यातली एक त्या तगड्यांपैकी एकाचीच. "उतार नाही. परत फिरायचे," तो म्हणाला.

मुलगा चिडला. "ज्यांचे ब्रेक चांगले ते जाऊ देत. मी गाडीत बसतो." आम्ही मध्ये बोलणार होतो, पण अमीर असताना आम्ही कोण? तो म्हणाला, "अकरा निघालो, अकरा परत." दहा मिनिटे कुणी कुणाशी बोलले नाही.

परतताना एका शेतकऱ्याने, बहुधा आमचे चेहरे बघून, बांधाच्या कडेची मुरमाची पायवाट दाखवली. "इकडून घाला, फिरून रस्त्यालाच लागते." आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्या जाड टायरना त्यांचे काम मिळाले. अमीरने हवा थोडी कमी करायला लावली, म्हणजे टायर मुरमावर पकड धरते. घसरणारे खडे, मध्येच ओढा, बाभळीचा काटा, दोन पंक्चर, एक लोटांगण (चिडलेल्या मुलाचेच, बोहारणीसारखे सामान लावून निघाला होता). वेग इतका कमी की झिजलेले ब्रेकही पुरले. तासाभरात फार तर तीन किलोमीटर झाले असतील. त्या तासात कुणी सिंहगडाचे नाव काढले नाही.

मगरिबच्या आत बिबवेवाडीत पोचायचे होते. जुन्या घाटाच्या चढाला दोघे छोट्या हत्तीत बसले, बाकी नऊ चालवत आले. बोगद्याच्या अलीकडे आम्ही उतरून सायकल ढकलत होतो, तर आठवीतली ती मुलगी थांबलेली. "सर, गिअर हलका करा ना," ती म्हणाली, आणि आम्ही पुन्हा बसेपर्यंत पुढे गेली नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर दुकानावर गेलो, तर चिडलेला मुलगा तिथे गुटके बदलून घेत होता. शेजारी ती मुलगी, हातात वही. "जानेवारीत सासवड," ती म्हणाली. "बोपदेवऐवजी दिवे घाटातून. अब्बांना विचारून झालंय, फक्त तेही सायकल घेऊन येणार आहेत म्हणे. चालेल?" अब्बांच्या सायकलीला गिअर आहेत का, असे अमीरने विचारले. नव्हते. वहीत अकराच्या जागी बारा लिहिले होते, आणि दिवे घाटासमोर प्रश्नचिन्ह.