नऊ नोकरांचे दुकान

गेल्या गुड फ्रायडेला आमचा भाचा दुपारच्या उपासनेला आमच्या शेजारी बसला होता. चर्चमधून परतताना तो हळूच म्हणाला, “मामा, आजचा पगार कापणार बघा.”

तो सोलापुरात नवी पेठेतल्या एका कापडदुकानात कामाला आहे. मालक मनाने वाईट नाहीत. नाताळला पेढ्यांचा पुडा आठवणीने घरी धाडतात. परंतु ‘पगारी सुट्टी’ हा शब्द त्या दुकानात कोणी उच्चारीत नाही.

आमची सारी हयात शाळेत शिकविण्यात गेली. सुट्ट्या आम्हांला छापील तक्त्यावर मिळाल्या, त्यामुळे त्यांचे मोल कधी कळले नाही. भाच्यासाठी म्हणून 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा वाचावयास घेतला. त्यात वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत; 240 दिवस काम केलेल्यास दर 20 दिवसांमागे एक अर्जित रजा आहे; शिवाय 8 पगारी सुट्ट्या. त्यांपैकी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या ठरलेल्या, उरलेल्या चार मालक व नोकरांनी मिळून ठरवावयाच्या. आम्ही हरखलो. या चारांत नाताळ, गुड फ्रायडे आणि ईद बसावयास काय हरकत?

मग आरंभीचे कलम पुन्हा वाचले. हे सारे 10 किंवा अधिक नोकर असलेल्या दुकानांसाठी! त्याहून लहान दुकानाने आपण अस्तित्वात आहोत एवढे सरकारला कळविले की पुरे. 1948 च्या जुन्या कायद्यात नोकरांच्या संख्येची अशी अट नव्हती. 2025 साली तर ही मर्यादा 20 वर नेण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. भाच्याच्या दुकानात नोकर नऊ. दहावा घ्यावयाची वेळ आली तेव्हा शेजारचा गाळा मालकांच्या मुलाच्या नावे निघाला. आता तेवढ्या खटाटोपाचीही गरज उरणार नाही.

महापालिकेचे दार ठोठवावे असे मनात आले. 1930 साली पारतंत्र्यात ज्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर तिरंगा फडकविला, तिच्या शहराचे आम्ही रहिवासी! पण कामगारांचे कायदे करणे केंद्राचे व राज्याचे काम. शहराला तो अधिकार नाही.

अमेरिकेत काही शहरांनी तसा प्रयत्न करून पाहिला. मिल्वॉकी शहरातील मतदारांनी 2008 साली आजारपणाच्या पगारी रजेला कौल दिला, आणि 2011 साली विस्कॉन्सिन राज्याने कायदा करून तो नियम मोडीत काढला. गावोगाव निराळे नियम झाले तर व्यापाऱ्याने करावे काय, हा त्यामागचा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नव्हे. सोलापुरात रजेचा खर्च आणि बार्शीत नाही, असे झाले तर आमचे मालकही कुरकुरतील. पण सर्वांना एकच नियम हवा म्हणणाऱ्याने तो नऊ नोकरांच्या दुकानालाही लावावा की!

तूर्त भाच्याने व त्याच्या मुसलमान सोबत्याने आपसांत तोड काढली आहे. ईदला हा दोघांचे काम ओढतो, गुड फ्रायडेला तो. पगार मात्र दोघांचाही कापला जातो.

हे सारे आम्ही घरात तावातावाने सांगत होतो. सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता विचारले, “आणि आपल्या मावशींचं काय?” गेल्या पावसाळ्यात धुणीभांडी करणाऱ्या मावशी तापाने चार दिवस आल्या नव्हत्या. महिनाअखेर आम्ही त्या चार दिवसांचे पैसे वजा करून हिशेब चोख केला होता. दुकानांचा कायदा आमच्या घरातही येत नाही.

ते पैसे दुसऱ्या दिवशी मावशींच्या हाती दिले. त्यांनी ते दोनदा मोजले आणि कशाबद्दल म्हणून विचारले. वर्षातल्या कोणत्या चार सुट्ट्या हव्यात, असे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी पहिली गड्ड्याच्या जत्रेची सांगितली. उरलेल्या तीन सुनेला विचारून सांगते म्हणाल्या.