क्वीन्सचा कोळी आणि आमचं लॉजिक

न्यूयॉर्कला गेलेला मराठी माणूस साधारण काय बघतो? स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, एम्पायर स्टेटवरून दिसणारा ट्रॅफिक आणि शेवटच्या दिवशी जर्सीतला एखादा मॉल. मी यातलं काहीही केलं नाही. ऑफिसच्या कामाला जोडून मिळालेला अख्खा शनिवार मी एका काल्पनिक कोळ्याच्या मागे घालवला. सोबत दोघं. एक दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ. गेली अठरा वर्षं क्वीन्समध्ये राहतोय आणि त्याच्या दुप्पट वर्षं माझ्याशी भांडतोय. दुसरी त्याची मुलगी, वय वर्षं बारा. बाईसाहेब त्या दिवशी आम्हा दोघांशीही बोलत नव्हत्या.

भांडण म्हणजे इस्टेटीचं वगैरे नाही हो. सुपरहिरोंचं! दादरच्या आमच्या घरात रद्दीवाल्याकडून आणलेल्या कॉमिक्सची थप्पी असायची. त्यात इंद्रजालचा वेताळ, फाटका सुपरमॅन आणि कव्हर नसलेला स्पायडरमॅन. दूरदर्शनवर कार्टून लागायचं ते वेगळंच. मोठी माणसं क्रिकेटवर वाद घालायची, आम्ही नुसत्या चष्म्यामुळे क्लार्क केंटला कोणी ओळखत कसं नाही यावर. २००२ साली टोबी मॅग्वायरचा स्पायडरमॅन आला तेव्हा तर आठवडाभर अबोला होता. कॉमिकमधला पीटर पार्कर जाळं फेकायचं यंत्र स्वतः बनवतो, सिनेमात ते थेट मनगटातून निघतं. मी म्हटलं, पोराची हुशारीच काढून घेतली राव. दादाचं म्हणणं, ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत तो घरात बसून असलं जबरी केमिकल बनवेल आणि पेटंट घेणार नाही? आजही सांगतो, पॉइंट त्याचा बरोबर होता. त्याला सांगू नका.

तर बाईसाहेबांचा अबोला. दादा जॅक्सन हाइट्सला राहतो. रूझवेल्ट अॅव्हेन्यूच्या डोक्यावरून खडखडत जाणारी ७ नंबरची ट्रेन, खाली मोमो, अरेपा, सोन्याची दुकानं आणि ७४व्या रस्त्यावर कढीपत्त्यापासून कोकमापर्यंत सगळं. इथे ३७व्या अॅव्हेन्यूवर हॅलोवीनला पोरांची मोठी मिरवणूक निघते. आमची पुतणी यंदा स्पायडर-ग्वेन झाली होती. पांढरं हूड, गुलाबी अस्तर, मुखवटा, एकदम सही. मिरवणुकीत वर्गातल्या एका मुलाने तिला सांगितलं, ग्वेन गोरी असते, तू पवित्रची बहीण वगैरे हो.

पवित्र म्हणजे पवित्र प्रभाकर, २००४ साली कॉमिकमध्ये आलेला मुंबईचा स्पायडरमॅन. २०२३च्या ‘अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये तो मुंबाटन नावाच्या अफाट शहरात झुलतो. तो सिनेमा आपल्याकडे दहा भाषांत आला होता, त्यात मराठीही होती. पवित्रशी हिचं वाकडं नाही. ‘पण मला तो नव्हतं व्हायचं ना,’ ती जेवताना म्हणाली.

वहिनी काहीतरी समजुतीचं बोलणार इतक्यात दादा हसत म्हणाला, ‘अगं, काकाला विचार. २०१०मध्ये तो हेच म्हणत होता.’

घास घशातच अडकला. खरं होतं ते. २०१० साली नव्या स्पायडरमॅनचा शोध चालू होता तेव्हा डोनाल्ड ग्लोव्हर या कृष्णवर्णीय नटाला निदान ऑडिशन तरी द्या म्हणून चाहत्यांनी मोहीम काढली होती. मी पुण्यातून फोनवर तासभर दादाला समजावत होतो की हा माझा वर्णद्वेष नाही, लॉजिक आहे. कॉमिकमध्ये पीटर गोरा आहे, सो पडद्यावर गोरा. फंडा क्लीअर. आता तोच फंडा मी बारा वर्षांच्या मुलीपुढे मांडायचा प्रयत्न केला. कॉमिक, परंपरा, मूळ चित्र... ती ताट उचलून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशीची ही सहल म्हणजे माझा माफीनामाच होता. फक्त माफी कशी मागायची ते ठरलं नव्हतं.

पहिला स्टॉप फॉरेस्ट हिल्स. कॉमिकमध्ये पीटर आणि मे काकू इथे राहतात. कॉमिकने तर रस्त्याचं नावही देऊन टाकलंय, इन्ग्रॅम स्ट्रीट. तो खरंच आहे. घर नंबर मी सांगणार नाही, तिथे खरी माणसं राहतात आणि त्यांना आधीच आपल्यासारख्यांचा पुरेसा ताप झाला असेल. शांत, सावलीचा भाग. विटांची घरं, छोटी अंगणं, नोव्हेंबरची पिवळी पानं झाडणारे आजोबा. १९७७पर्यंत यूएस ओपन याच उपनगरात व्हायची.

तिथे उभं राहिलं की एक गोष्ट चटकन लक्षात येते. सगळी घरं दोन मजली! जाळं अडकवायचं कशाला? मॅनहॅटनमध्ये झुलणं ठीक आहे, पण घरापासून मॅनहॅटनपर्यंत गडी जातो कसा? २०१७च्या ‘होमकमिंग’मध्ये यावर मस्त विनोद आहे. टॉम हॉलंडला उंच काही सापडत नाही आणि तो बिचारा गोल्फच्या मैदानातून धावत सुटतो. ज्याने तो सीन लिहिला तो असाच कुठल्या तरी उपनगरात उभा राहून वर बघत असणार, असं माझं ठाम मत आहे.

‘ट्रेनने जात असेल,’ पुतणी पुटपुटली. दिवसातलं पहिलं वाक्य. मी आणि दादाने एकमेकांकडे पाहिलं.

आणि ट्रेन म्हटल्यावर आमची गाडी आपोआप २००४वर गेली. ‘स्पायडरमॅन २’मधला तो सीन आठवतोय? डॉक्टर ऑक्टोपसने ब्रेक मोडलेली ट्रेन, पुढे रुळाचा शेवट, आणि टोबी दोन्ही हातांनी जाळी फेकून छातीवर ट्रेन थांबवतो. ट्रेनवर अक्षर ‘आर’. ही आर खरोखरच फॉरेस्ट हिल्सहून सुटते. आम्ही तीच पकडली. बरं, ती संपूर्ण मार्गावर जमिनीखालून जाते. सिनेमात मात्र मॅनहॅटनच्या उंच इमारतींमधून, हवेतून! मॅनहॅटनमधली थर्ड अॅव्हेन्यूची उन्नत रेल्वे १९५५ सालीच बंद झाली. मग सिनेमातली आणली कुठून? शिकागोहून. त्या सीनचा बराचसा भाग तिथल्या उन्नत रेल्वेवर शूट केलाय.

‘म्हणजे सगळा सीनच खोटा,’ मी विजयी मुद्रेने म्हटलं. हे मी एकवीस वर्षं म्हणतोय.

दादाचं उत्तरही एकवीस वर्षं तेच. ‘मार्ग खोटा. सीन खरा.’ हल्ली त्याच्या बाजूने सायन्सही आहे. २०१३ साली लेस्टर विद्यापीठाच्या फिजिक्सच्या विद्यार्थ्यांनी त्या ट्रेनचं वजन आणि वेग धरून गणित मांडलं. निष्कर्ष काय, तर एवढा ताण सहन करायला जाळं जितकं मजबूत लागेल तितका निसर्गातल्या काही कोळ्यांचा धागा असतोच. म्हणजे माणूस कोळी होतो ते चालतं, जाळं चालतं, फक्त आर ट्रेन जमिनीवर आलेली चालत नाही. माझी तक्रार तेवढीच.

पुतणी माझ्याकडे बघत होती. डब्याच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता, बाहेर नुसता काळा बोगदा. ‘तुला एवढंच चालत नाही का?’ तिने विचारलं.

लेक्झिंग्टन अॅव्हेन्यूला उतरेपर्यंत मी काही बोललो नाही.

तिथून चालत सेकंड अॅव्हेन्यूला आलं की रूझवेल्ट आयलंडची ट्राम मिळते. ट्राम म्हणजे कलकत्त्याची नव्हे, तारेवरून लटकत जाणारी लाल पेटी. १९७६ साली सुरू झाली, कारण बेटावर सबवे पोचायला अजून अवकाश होता. तो शेवटी १९८९ला आला, तोवर लोकांना लटकायची चटक लागलेली. भाडं सबवेइतकंच, वेळ चार मिनिटं, आणि सर्वांत उंच जागी खाली ७५ मीटरवर ईस्ट रिव्हर. पर्यटकांनो, हेलिकॉप्टरचे पैसे वाचवा. शेजारून, हात लांब केला तर लागेल असं वाटावं, क्वीन्सबरो ब्रिज जातो. १९०९चा पूल, नुसता पोलादी सांगाडा. २००२च्या सिनेमाचा क्लायमॅक्स इथलाच. ग्रीन गॉब्लिनच्या एका हातात मेरी जेन, दुसऱ्या हातात पोरांनी भरलेली हीच ट्राम. कोणाला वाचवशील?

या पुलामागे दुसरा पूल आहे. १९७३च्या जूनचा ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा १२१वा अंक. लेखक जेरी कॉनवे, चित्रं गिल केन यांची. गॉब्लिन पीटरच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून ढकलतो. पीटर जाळं फेकतो, तिचा पाय पकडतो, वर ओढतो. ती मेलेली असते. चित्रात तिच्या मानेशी एक बारीकसा आवाज लिहिलाय. कट्! ती पडल्याने मेली की वाचवल्याने? गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नावर जितका खल झालाय तितका खऱ्या खून खटल्यांवरही क्वचित होतो. चार अंकांनंतर पत्रव्यवहाराच्या पानात संपादकांनीच कबूल केलं की जाळ्याने अचानक बसलेल्या हिसक्याने ती गेली. मिनेसोटा विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी २००५च्या पुस्तकात हिशोबच मांडला. तीनशे फुटांवरून पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी दीडशे किलोमीटरवर जातो. तो अर्ध्या सेकंदात शून्यावर आणला तर वजनाच्या जवळपास दहापट जोर लागतो. मान कशी टिकणार?

गंमत म्हणजे त्या अंकात पुलाचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन आणि चित्रात चक्क ब्रुकलिन ब्रिज. त्यावर वेगळं भांडण.

पण मला आवडतं ते पुढचं. सिनेमावाले जणू तो हिसका विसरलेच नाहीत. २००२मध्ये टोबी मेरी जेनसाठी जाळं टाकत नाही, स्वतः उडी मारतो. २०१४मध्ये अँड्र्यू गारफील्ड जाळं टाकतो, ते पोचतं आणि तरी एमा स्टोनची ग्वेन जाते. २०२१च्या ‘नो वे होम’मध्ये तोच गारफील्ड दुसऱ्याच पीटरच्या एमजेला पडताना हातांनी झेलतो. थिएटरात माझ्या शेजारचा दाढीवाला बाप्या हमसून रडत होता. बरं, मीही.

हे सगळं मी पुलाखाली, बेटावरच्या बाकावर बसून पुतणीला सांगितलं. वारा बोचरा, हातात कॉफी, तिच्या हातात हॉट चॉकलेट. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘पण माझ्या ग्वेनला कोणी पकडायला लागत नाही. कोळी तिलाच चावलाय.’

२०१४च्या कॉमिकमध्ये जेसन लाटूर आणि रॉबी रॉड्रिगेझ यांनी नेमकं हेच केलं होतं. वेगळं विश्व, कोळी ग्वेनला चावतो, मरतो तो पीटर. मी ती गोष्ट वाचली होती, दहा वेळा चर्चा केली होती. तिच्यातून ही मुलगी काय घेतेय ते मात्र दिसलं नव्हतं.

मग मी बोललो. लॉजिकचं नाव पुढे करून मी माझ्या सवयीचं बोलत होतो, हे. मायकल कीटन बॅटमॅन होणार म्हटल्यावर १९८८ साली वॉर्नरकडे पन्नास हजार निषेधपत्रं गेल्याचं सांगतात. हीथ लेजर जोकर होणार कळल्यावर २००६ साली मीच नाक मुरडलं होतं, २००९ला त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. कास्टिंगच्या बाबतीत आमच्या जमातीचा रेकॉर्ड इतका भिकार आहे. ग्लोव्हरच्या मोहिमेनंतर वर्षभरात, २०११ला, माइल्स मोरॅलिस आला. तो आता दादाचा आणि माझाही सगळ्यात लाडका. आणि स्पायडरमॅनचा मुखवटा तर पहिल्यापासून अख्खा चेहरा झाकतो. आत कोणीही असू शकतं, हे स्टॅन ली स्वतः सांगायचे. ‘सॉरी,’ मी म्हटलं. ‘तू ग्वेनच होतीस.’

‘हे बाबालापण सांग. आणि त्या मुलाला मी सांगते.’

‘बाबाला कशाला?’ दादा म्हणाला. ‘मी २०१०पासून बरोबर आहे.’

परतीला बेटावरून एफ ट्रेन सरळ घरी नेते, पण बाईसाहेबांनी पुन्हा ट्रामचा हट्ट धरला. सॅकमधून तो पांढरा मुखवटा निघाला, वर हूड. ट्राम वर चढली, पुलावरच्या गाड्या काचेशेजारून धावू लागल्या. आईच्या कडेवरचं एक पोर तिच्याकडे बोट दाखवून किंचाळलं. तिने काचेला दोन्ही तळवे चिकटवले आणि चिकटून बसल्याची अॅक्टिंग केली.

मॅनहॅटनच्या बाजूला टेकता टेकता दादाने हळूच पिन मारली. ‘एक सांग. ताशी दीडशेच्या वेगाने झुलताना हे हूड मागे उडत कसं नाही?’

‘मॅग्नेट,’ पुतणी म्हणाली.

‘मॅग्नेट? मग मुखवट्यात लोखंड हवं,’ मी म्हटलं.

‘टेप असेल.’

‘पावसात?’

लेक्झिंग्टन अॅव्हेन्यूपर्यंत पिना चालतील का यावर पोचलो होतो, आणि आर ट्रेन सुटली ती आम्हाला न घेताच.