कौलं जुळवताना

3 जून 2020 च्या संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर ‘मुंबई वाचली’ ही बातमी होती, असं आम्हांला पुष्कळ नंतर कळलं. मुंबई वाचली याचा आनंदच आहे. आमच्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिथे असतं. पण निसर्ग चक्रीवादळ जमिनीवर चढलं ते अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगर-मुरूडच्या पट्ट्यात. भर दुपारी दोन-अडीच तास, ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या वेगाने वारा घोंघावत होता. त्याचा तडाखा खाली मंडणगड-दापोलीपर्यंत बसला. वारा पडला तेव्हा आमच्या गावातून समुद्र दिसत होता. सुपारी आणि नारळाच्या वाड्यांनी पिढ्यान् पिढ्या झाकून ठेवलेला समुद्र घराच्या ओटीवरून दिसावा, याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही.

मार्चपासून मी गावीच होते. कोरोनाच्या टाळेबंदीचे दिवस. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचं, असं ग्राम कृती दलाने ठरवलं होतं. जन्मापासून ओळखीची पोरं, पण त्यांचं जेवण फाटकाशी ठेवून माणसं मागे सरत. त्याला मी नावं ठेवणार नाही. भीती खरी होती, गावात म्हातारी माणसं जास्त आणि धड दवाखाना लांब. तरी शेजारी परका कसा होतो हे त्या दोन महिन्यांत बघायला मिळालं, आणि ते बघणं सोपं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला माडांच्या झावळ्या एका बाजूला वळायला लागल्या. आमची काकू खुब्याच्या ऑपरेशननंतर काठीशिवाय चालू शकत नव्हती. घर कौलारू. काय करावं याचा विचार चालू असतानाच दोन पोरं मागच्या दाराने आत आली, तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून मोहल्ल्यातल्या एका स्लॅबच्या घरात नेलं. दोघांतला एक शाळेतला होता. त्याचे चौदा दिवस भरले नव्हते. कोणी विचारलं नाही. ते घर आखातात नोकरी करणाऱ्या माणसाने बांधलेलं, वरचा मजला अजून बिनगिलाव्याचा. खालच्या दोन खोल्यांत त्या दुपारी कोळीवाड्यातली माणसं होती, आम्ही होतो, कातकरी वाडीवरचं एक कुटुंब होतं. घरातल्या भाभींनी मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. बाहेर पत्रे उडत असताना त्या ‘साखर कमी झाली का’ विचारत फिरत होत्या.

पुढे अनेकांनी लिहिलं की वादळाने सगळे भेद पुसले. मला तसं वाटत नाही. महिन्याभराने पंचनामे सुरू झाले तेव्हा कोणाची किती झाडं लिहिली यावरून सख्खे भाऊ भांडले. भेद जिथे होते तिथेच राहिले. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच काहीतरी. त्या पोरांना कोणी पाठवलं नव्हतं. काकूचा खुबा, आमचं मागचं दार, कोणाचा स्लॅब पक्का, हे सगळं त्यांना आधीपासून माहीत होतं. घोंघावत्या वाऱ्यात घरोघरी जाऊन विचारायला वेळ नसतो. माणूस धावतो ते आधीच माहीत असलेल्या दाराकडे. माया असतेच, पण मायेला पत्ता लागतो.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा प्रश्न उभा राहिला. विहिरींत पाणी होतं, पण काढणार कसं? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सगळ्यांनी पंप बसवले, रहाट मोडीत निघाले. वीज तर नव्हतीच. खांब मोडून पडले होते, कित्येक वाड्या-वस्त्यांना पुढे महिनाभर अंधारात राहावं लागलं. कोणाकडे शाबूत दोर आहे याची शोधाशोध सुरू झाली. कोळीवाड्यात दोरांना तोटा नव्हता. त्यांच्या होड्या फुटल्या होत्या, जाळी गुंता होऊन पडली होती, तरी त्यांनी दोर कापून दिले. विहिरीवर आमच्या मुलांना कळशीला फास कसा घालायचा ते शिकवलं. तो फास चुकला तर कळशी तळाशी जाते. पहिल्या दिवशी दोन-तीन गेल्याच.

आणि मग कौलं. ज्याने मंगलोरी कौलं हाताळली नाहीत त्याला वाटेल, इथलं उचलून तिथे ठेवलं की झालं. तसं नसतं. प्रत्येक कारखान्याचं कौल मापाला किंचित वेगळं. पाठीमागे कारखान्याचं नाव ठशात उमटवलेलं असतं, आणि एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. फट राहिली की पाणी घरात. पाऊस दाराशी आला होता. 11 जूनला हर्णैपर्यंत मान्सून पोचल्याचं जाहीर झालं. म्हणजे हातात आठवडाभराचाच अवधी. पत्रे मिळत नव्हते, मिळाले तर भाव चढलेले. तेव्हा गावाने एक गोष्ट केली. सगळ्या घरांची शाबूत कौलं देवळासमोर आणली आणि पाठीवरची नावं वाचून वेगवेगळे ढीग केले. ज्या घराला ज्या ठशाची कौलं, त्या घराला त्यातली. पुरी घरं शाकारणं शक्यच नव्हतं. प्रत्येकाची निदान एक खोली आणि चूल कोरडी राहावी, एवढंच ठरलं. आमच्या गोठ्याची कौलं तिसऱ्याच्या माजघरावर गेली, आमच्या स्वयंपाकघरावर ज्यांची आली त्यांच्याशी आमचं बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. ते गृहस्थ स्वतः शिडीवर चढून कौलं लावून गेले. बोलले नाहीत. चहा मात्र घेतला.

परकी माणसं आली ती यानंतर. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आधीपासून होते. त्यांच्या यांत्रिक करवतींनी रस्ते मोकळे केले नसते तर पुढचं काहीच झालं नसतं. मग पुण्या-मुंबईकडून टेम्पो येऊ लागले. कोण, कुठले, काही माहीत नाही. तांदूळ, तेल, मेणबत्त्या, ताडपत्र्या. एका टेम्पोचा चालक सांगलीकडचा होता. ‘गेल्या साली आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं,’ एवढंच बोलला आणि ताडपत्र्या उतरवायला लागला.

पण टेम्पो थांबतो डांबरी रस्त्यावर. रस्त्याकडेच्या घरांना तीन-तीनदा शिधा मिळाला आणि डोंगरउतारावरच्या वाडीला पहिले काही दिवस काहीच नाही. देणाऱ्याचा दोष नाही. वर माणसं राहतात हे त्याला दिसत नाही, आणि सांगणारा कोणी भेटला नाही तर कळणार कसं? आमच्याकडे अंगणवाडी सेविका टेम्पोंना आडवी उभी राहिली. तिच्या वहीत वाडीवस्तीवरचं प्रत्येक घर होतं: गरोदर बाई कुठे, तान्हं मूल कुठे, कोण एकटं. ती टेम्पोत पुढे बसायची आणि मग टेम्पो वर जायचे. परक्या माणसाकडे सामान होतं, पैसा होता, न थकलेले हात होते. नव्हती ती फक्त ही वही.

घेणं किती जड जातं, तेही तेव्हा पाहिलं. ज्यांच्या वाडीतली रोठा सुपारी वाशीच्या व्यापाऱ्याकडे जायची, ते रांगेत उभे राहायला तयार नव्हते. सुपारी लावल्यापासून पीक हाती यायला सहा-सात वर्षं लागतात. साठीच्या माणसाने उन्मळलेल्या वाडीकडे बघत काय हिशेब मांडायचा? भरपाई हेक्टरवर मोजली जात होती आणि आमच्या वाड्या गुंठ्यांवर. त्यासाठीही झगडावं लागलं. अशा घरांत ताडपत्री अंधार पडल्यावर मागल्या पडवीत ठेवली जायची. हे करणारी पोरं गावचीच. दिलेलं दिसू नये, ही काळजी त्या घराचा मान ज्याला ठाऊक आहे त्यालाच सुचते.

आलेल्या सामानात जुन्या कपड्यांचे ढीगही होते. भिजून कुजले, शेवटी जाळावे लागले. मनापासून दिलेले होते, म्हणून जाळताना वाईट वाटलं.

मला सगळ्यांत जास्त आठवतात ते देशावरून आलेले वायरमन. ते दान करायला आले नव्हते, नोकरीवर आले होते. पण पावसात, ओल्या मातीत, घरापासून लांब, कोरोनाच्या भीतीत दिवसभर खांबावर चढणं पगारात मोजता येत नाही. वाड्यांतल्या पाणंदीत गाडी जात नसे. खांब दोरावर तोलून गावकऱ्यांनी खांद्यावरून आत नेले. खड्डे गावाने खणले. रात्री ते आमच्या ओटीवर निजत. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेली ती माणसं तांदळाची भाकरी मुकाट्याने खात. काकूने कुठूनतरी ज्वारीचं पीठ मिळवलं. थापताना तिला भाकरी जमेना, तेव्हा त्यांतल्या एकाने हात धुतले, चुलीपुढे बसला आणि सगळ्यांच्या भाकऱ्या थापल्या. दिवे आले त्या रात्री ते पुढच्या गावी होते.

वर्षभराने, 22 जुलै 2021 ला, महाड आणि चिपळूण बुडालं. त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड कोसळली. आमच्या पोरांनी दुसऱ्या दिवशी पिकअप भरली, आणि काय भरायचं यावर चर्चा झाली नाही: खराटे, फावडी, बादल्या, पिण्याचं पाणी, काडेपेट्या, दोर. कपडे नाहीत. महाडला पोचल्यावर त्यांनी रस्त्याच्या तोंडाशी सामान उतरवलं नाही. आधी तिथली अंगणवाडी सेविका शोधली.

आता दर मे महिन्यात गावात यादी होते. एकटी राहणारी माणसं, औषधं चालू असलेली, स्लॅबची घरं, करवत कोणाकडे, दोर कोणाकडे. पण गेल्या काही वर्षांत किनारा बदलला आहे. बागांच्या राखणीला नेपाळी कुटुंबं आहेत, होड्यांवर नेपाळी खलाशी, रिसॉर्टच्या बांधकामावर उत्तरेकडचे मजूर पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. आमच्या यादीत ही माणसं ‘रखवालदार’ किंवा ‘कामगार’ एवढीच होती, नाव नाही, किती जण ते नाही. निसर्गच्या दिवशी अशा शेडांत कोण होतं आणि ते कुठे गेले, हे मी अलीकडे बऱ्याच जणांना विचारलं. सांगता आलं नाही. यंदा गावातल्या दोन मुलींनी ते काम अंगावर घेतलं आहे. संध्याकाळी कामं सुटली की त्या शेडांवर जातात, नावं लिहून घेतात, आपली सांगतात. एका रखवालदाराच्या बायकोने त्यांना विचारलं, वारा सुटला तर आम्ही कोणाच्या घरी यायचं? मोहल्ल्यातल्या त्या घराचा वरचा मजला आता पूर्ण झाला आहे. मुलींनी भाभींना विचारून तो तिच्या नावापुढे लिहिला.