कागदांचे राखणदार

ग्रंथपालांचा अभ्यासदौरा म्हटला की घरचे हसतात. जन्म कपाटांपुढे घालवलेली माणसं पोर्तुगालला जाऊन पुन्हा कपाटंच बघणार! बघितली खरी, आणि तीही तिकीट काढून, रांगेत उभं राहून.

त्यांत सगळ्यात दिमाखदार कोइंब्रा विद्यापीठाची जुआनिना लायब्ररी. ब्राझीलचं सोनं पोर्तुगालमध्ये ओतलं जात होतं त्या काळात, १७१७ ते १७२८ दरम्यान, पाचव्या जुआंव राजाने ती बांधून घेतली. एकापुढे एक तीन दालनं, हिरव्या-तांबड्या-काळ्या रंगांवर चिनी धाटणीची सोनेरी नक्षी, आणि शेवटच्या भिंतीवर अर्थातच राजेसाहेब स्वतः. फोटोला बंदी. वेळ संपली की पुढच्या गटासाठी जागा रिकामी करायची. पुस्तक हातात घ्यायचा तर प्रश्नच नाही. खरं सांगायचं तर त्या सोन्याला मी लवकरच कंटाळले. नजर खिळली ती मांडण्यांच्या खांबांत सरकवून ठेवलेल्या शिड्यांवर. बाहेर ओढली तर शिडी, आत ढकलली तर कळणारही नाही.

आणि मग टेबलांवर. रात्री या टेबलांवर चामडी आच्छादनं घालतात, कारण दालनांत पाकोळ्यांची वस्ती आहे. आपल्याकडची फळं खाणारी मोठी वटवाघळं नव्हेत. ही चिमुकली, किडे टिपणारी. दिवसा मांडण्यांमागे दडायचं आणि अंधार पडला की कागदावर टपलेल्या किड्यांचा फडशा पाडायचा. सकाळी कर्मचारी आच्छादनं उचलतात, लेंड्या झाडतात, फरशी पुसतात. मग पर्यटकांना दार उघडतं. हे ऐकलं आणि पेंगुळलेला आमचा गट खडबडून जागा झाला. कसर, वाळवी, डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला... आमच्या जिव्हाळ्याचे विषय हे! "पण लेंड्यांनी बांधणी खराब नाही होत का?" एका बाईंनी विचारलंच. पण या पाकोळ्या म्हणजे इथल्या राखणदारच, आणि कोकणात राखणदाराचा मान चुकवून चालत नाही. इथली रोजची झाडलोट म्हणजे तोच मान.

लिस्बनच्या तोरे दो तोंबोत, म्हणजे राष्ट्रीय पुराभिलेखागारात, सोनं नाही. इमारत काँक्रीटची, ठोकळेबाज. हे दप्तर पूर्वी साओ जॉर्ज किल्ल्याच्या एका बुरुजात होतं. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात बुरुज कोसळला. दप्तराचे मुख्य रक्षक मानुएल दा माया तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. शहर जळत असताना त्यांनी ढिगाऱ्यातून कागद उपसून काढवले आणि किल्ल्यावरच लाकडी खोपटात आणून ठेवले. व्यवसायाने ते अभियंते. लिस्बनच्या पुनर्बांधणीचे आराखडेही पुढे त्यांच्याच देखरेखीखाली झाले. या गृहस्थांपुढे जुआंव राजाची तसबीर मला फिकी वाटते.

आमचं खरं काम इथेच होतं. ‘लिव्ह्रूश दश मोंसोंइश’, म्हणजे पावसाळी वाऱ्यांच्या वह्या. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये गलबतं सुटत, नैर्ऋत्य वारे धरून सप्टेंबरच्या सुमाराला गोव्याला लागत आणि राजाची पत्रं उतरवत. उत्तरं डिसेंबर-जानेवारीत परतीच्या वाऱ्यांवर निघत. एका प्रश्नाला उत्तर मिळायला दीड-दोन वर्षं. मराठ्यांच्या हालचालींची खबर राजाच्या हाती पडेपर्यंत इकडे तह होऊन मोडलेलाही असायचा. तो पत्रव्यवहार इथे खंडच्या खंड बांधून ठेवला आहे. गोव्यातून त्यांतले साठेक खंड अठराव्या शतकातच, भूकंपानंतर, लिस्बनला नेले. बाकीचे गोव्यातच राहिले. म्हणजे निम्मी कहाणी तिथे, निम्मी इथे. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य वेचलं ते याच कागदांवर, मुख्यतः गोव्यात बसून.

गटातल्या किती जणांनी गोव्यातलं दप्तर पाहिलं आहे, असा विषय निघाला. हात फारसे वर गेले नाहीत. विमानाचं तिकीट काढून लिस्बन गाठणाऱ्यांना कोकण रेल्वे काही जवळ पडली नव्हती! तिथल्या तिथे, कॉफी पिता पिता, गोव्याचा दौरा ठरला. तारीख मात्र अजून ठरायची आहे. मे महिन्यात उकाडा, जूनमध्ये पाऊस, आणि डिसेंबरात, म्हणे, हॉटेलं परवडत नाहीत.